लाल दोऱ्यातला रिपोर्ट

शब्दकोशाच्या कचेरीत सगळे त्यांना कार्डबाई म्हणत. एकतीस वर्षं बाईंनी एकच काम केलं: इंग्रजी शब्दाचा अर्थ, उगम आणि जुन्या पुस्तकांतले दाखले कार्डावर उतरवून ते खणात लावायचं. दाखला एकटाच असेल तर मात्र कार्ड खणात जात नसे. दुसरा मिळेपर्यंत लाल दोऱ्यात बांधून बाजूला. भल्याभल्यांनी गयावया केली, पण बाई बधल्या नाहीत.

आणि याच बाई त्या सोमवारी नवऱ्याचा रिपोर्ट पर्समध्ये कोंबून आल्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या मानेला गाठ आली होती. डॉक्टरांनी सुई घालून तपासली आणि लिहिलं, 'प्रॉबॅब्ली' साधी आहे.

"बहुतेक साधीच आहे ना? मग झालं तर!" नवरा सकाळी म्हणाला होता. "उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

बाईंनाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोला! पण घोर जाईना. शेवटी त्यांनी खण ओढून स्वतःच लिहिलेलं कार्ड काढलं. 'प्रॉबॅब्ली: बहुतेक. मूळ लॅटिन, पारखणे. पूर्वीचा अर्थ, पटण्याजोगे.' खाली दोन दाखले. दुसरा शोधायला तेव्हा चार महिने लागले होते. एका शब्दासाठी चार महिने, आणि नवऱ्याच्या जिवासाठी एकच सुई? बाईंनी रिपोर्ट लाल दोऱ्यात बांधला आणि तडक दुकान गाठलं.

"उठा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचंय."

"अगं, गिऱ्हाईक येतंय आत्ता."

"खड्ड्यात गेलं गिऱ्हाईक!"

डोळ्यावरचं भिंग न काढताच तो हळूच म्हणाला, "आणि त्यांनी वाईट सांगितलं तर?"

बाईंनी शटर ओढलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी गाठ पुन्हा तपासली आणि आठ दिवसांनी निकाल आला. दुसऱ्या रिपोर्टात 'प्रॉबॅब्ली' नव्हतं. गाठ वाईटच होती, पण अगदी सुरुवातीची. काढली की बरे व्हाल, डॉक्टर म्हणाले. सहा महिने उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं.

जिन्यात बाई मटकन बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. नवरा शेजारी टेकला. त्याने त्यांच्या पर्समधून पहिला रिपोर्ट काढला आणि दोऱ्याची गाठ नखाने सोडवायला लागला.

"मिळाला ना दुसरा दाखला?" तो म्हणाला.