दार लावून बसणाऱ्या मंगलअक्का

आम्ही पिंप्राळ्यात राहायला आलो, त्या पहिल्याच संक्रांतीला दुपारी मधल्या भिंतीपलीकडून शेजारच्या मंगलअक्कांचा आवाज आला. "या, या! किती दिवसांनी! सूनबाई कशी आहे?" मग थोडं हसणं. पुन्हा तेच वाक्य, तेवढंच हसणं. मला वाटलं, पाहुणे आलेत. संध्याकाळी हळदीकुंकवाला गेले, तर दारात अक्कांच्या तोंडी तीच वाक्यं, तेच हसू. दुपारी त्यांच्या घरात दुसरं कुणीच नव्हतं.

गल्लीत त्यांच्याइतकं लाघवी कुणी नव्हतं. कुणाचं दुखणं, कुणाच्या मुलीचा निकाल, सगळं लक्षात. "अक्का, कसं काय?" विचारलं की अहिराणीत उत्तर ठरलेलं, "बठ्ठं ठीक शे." सगळं ठीक आहे. पण बायका गेल्या की त्या मधल्या खोलीचं दार लावून, डोक्यावर चादर घेऊन पडत. कुकरची शिट्टीसुद्धा त्यांना सोसत नसे.

त्यांचे यजमान वसंतभाऊ वरणगावच्या कारखान्यात होते. बोलका माणूस. नोकरी होती तोवर निभावलं. निवृत्त झाल्यावर ते दुपारी चहा घेऊन गप्पांना बसत आणि अक्का उठून आत जात. एकदा भाऊंचा आवाज चढला. "अख्ख्या गल्लीला हसू, आणि मला बंद दार? इतका नकोसा झालोय का मी?" अक्कांनी आतून कडी लावली. बत्तीस वर्षांच्या संसारानंतर भाऊंनी बॅग भरली आणि ते धुळ्याला धाकट्या भावाकडे निघून गेले.

त्याच सुमारास अक्कांच्या चार वर्षांच्या नातीला जळगावात डॉक्टरांना दाखवलं. मीही सोबत होते. डॉक्टरबाईंनी स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, सांगितली. अक्कांची लेक रडू लागली. अक्कांनी मात्र विचारलं, "हे मोठ्यांना असतं का? बाहेरून न दिसणारं?"

"असतं की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुष्कळ बायका जन्मभर लपवतात. इतरांचं बघून हसणं-बोलणं शिकतात, आणि त्यातच गळून जातात."

त्यानंतर अक्का स्वतःसाठी तीन-चारदा तिथं जाऊन आल्या. मग एका सकाळी म्हणाल्या, "धुळ्याला चल माझ्यासोबत. एसटीतला गोंगाट एकटीला सोसणार नाही." आपल्याला काही सोसत नाही, असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

धुळ्यात भाऊ ओट्यावरच बसले होते. अक्का पायरीकडे बघत बोलल्या, "मी तुमच्यावर रुसत नव्हते. दमत होते. माझं हसणं शिकलेलं आहे. तुमच्यासमोरही ते टिकवायला बघायचे. जमेनासं झालं की दार लावायचे."

"मग सांगायचं ना मंगल!"

"मलाच कुठं माहीत होतं?"

भाऊंनी ओट्यावर सरकून अक्कांना जागा करून दिली. मग म्हणाले, "आत्ता माझ्याकडे बघत नाहीस, ते का?"

"बघितलं की बोलणं सुचत नाही."

"मग नको बघू. बोल."

परतीच्या गाडीत आम्ही तिघं होतो.

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. अक्का आता मनातलं सरळ बोलत, आणि ते भाऊंना कधीकधी लागे. ते पारावर जाऊन गप्पांची हौस भागवून येत. हळदीकुंकू बंद झालं; गल्लीतल्या बायका म्हणाल्या, अक्का शिष्ट झाल्या. अमळनेरच्या एका लग्नात बँड सुरू झाला, तेव्हा अक्कांची बोटं पदराशी चाळा करू लागली. भाऊंनी हातातलं ताट खाली ठेवलं. व्याह्यांना सगळ्यांदेखत म्हणाले, "हिला हा आवाज सोसत नाही. आम्ही निघतो." आणि अर्ध्या जेवणावरून उठून अक्कांना स्टेशनवर घेऊन गेले.

धुळ्याहून परतल्यावर चार वर्षांनी, अगदी थोड्या दुखण्यानं अक्का गेल्या. दहाव्याला मी भाऊंजवळ बसले होते. ते एरवी माझ्याशी शहरी बोलत. त्या दिवशी मात्र अहिराणीत म्हणाले, "बत्तीस वरीस मना घरमा पाव्हणी व्हती. बायको चारच वरीस भेटनी."

मग माझ्याकडे वळले.

"पन भेटनी, पोरी."