तात्यांचा सोन्याचा दात

तात्यांनी तीस वर्षं गुडघाभर पाण्यात उभं राहून नदीची वाळू धुतली. परातीच्या तळाशी उरणारे सोन्याचे कण बाटलीत साठवले आणि साठीला त्या सोन्याचा एक दात बसवून घेतला. "एवढं तरी माझं राहू दे," असं ते बायकोला म्हणाले होते.

मग अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली. महिनाभरात थोरल्या मुलानं लेकीला डूल करायचे म्हणून दातांच्या डॉक्टरला घरी आणलं.

"यांना विचारलंत?" डॉक्टर म्हणाला.

"त्यांना काही कळत नाही हो."

तात्यांना सगळं कळत होतं. त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावून तोंड घट्ट मिटलं. तेव्हा बायकोच पुढे झाली आणि रोज औषध पाजताना दाबायची तसे तिनं त्यांचे गाल दाबले.