अंगावरून झडलेलं पीठ

सेठाणीनं चटईवर सांडलेलं पीठ पायानं माझ्याकडे लोटलं. "हाई पीठ ली जाय. भाकर कर. तुम्हले सर्व चालस."

कुळथाचं पीठ. तासभर मी तिच्याच अंगावर चोळलेलं. घामानं ओलं, त्यात तिचा मळ, तिचे केस.

इंग्रजांचं राज्य होतं. त्या साली पावसानं दडी मारली आणि डोंगरपायथ्याच्या आमच्या पाड्यावर दाणा उरला नाही. खाली तळोद्याच्या पेठेत या सेठाणीला मात्र सुटलेल्या अंगानं जिना चढवत नव्हता. वैद्य म्हणाला, "मेद वाढला आहे. तेल नको, कोरडं पीठ चोळा. खालून वर, केसांच्या उलट. हात खरबरीत पाहिजेत." म्हणून भिलाची बाई आणली. मला. तिच्या मांड्यांना, पोटाला माझा हात चालायचा. माठाला चालत नव्हता. चोळून झालं की ती तुपातला शिरा खायची, आणि चरबी हटेना म्हणून शिव्या मला. "तुन्हा हातमा जोर नही." चोराच्या उलट्या बोंबा!

सांगायची लाज वाटते, तरी सांगते. ते पीठ मी पदरात बांधून घरी नेलं. चाळलं. भाकरी थापली. माझ्या पोरीनं घास घेतला आणि दातांतून लांब केस ओढून काढला. कुणाचा, म्हणून विचारलं. मी भाकरी हिसकावून घेतली. भुकेल्या पोरीच्या हातातून! ती रडली, मीही रडले. मग रडू आटलं आणि नुसता संताप उरला.

दुसऱ्या दिवशी सेठाणीनं पुन्हा पीठ लोटलं. मी ते ओंजळीत भरलं आणि तिच्या शिऱ्यावर ओतलं.

"हाऊ तुन्हा मेद शे. तूच खाय."

ती किंचाळली. गड्यांनी मला केसाला धरून रस्त्यावर फेकलं. पेठ बघत होती. मी मान खाली घातली नाही.

पाड्यावर येऊन बायांना सगळं सांगितलं. पोरीला काय खाऊ घातलं तेही. मग दोघीजणींनी कबूल केलं. पेठेतल्या दुसऱ्या घरांतून त्यांनीही असंच पीठ आणलं होतं, खाल्लं होतं.

तेव्हाच ठरलं. कंद उकडू, पाला खाऊ, उपाशी मरू. पेठेतल्या एकाही अंगाला आमचा हात लागणार नाही.

सेठाणीनं चोळणारी बाई न्यायला दोनदा गडी धाडला. दोन्ही वेळा आम्ही वाटेतच अडवला. दुसऱ्या वेळी मी त्याला बजावलं, तिसऱ्यांदा आलास तर स्वतःच्या पायांनी परत जाणार नाहीस.