परत कधी जाता?

कॅनडाहून आल्यावर बरेच आठवडे मी धामणगावच्या बाजारात पाऊल टाकलं नाही. आमचं बी-बियाण्यांचं दुकान तिथंच. बाबा सकाळी शटर उघडायचे, आणि येणारा जाणारा विचारायचा, पोरगं आलं म्हणे, परत कधी जाते? बाबा सांगायचे, "सुट्टीवर आला आहे. मार्चात जाईल." हे मला आई जेवायला वाढताना सांगायची, आणि मी ताटातून मान वर करत नसे.

मी सुट्टीवर आलो नव्हतो. दोन वर्षांचा डिप्लोमा पास झालो होतो, मार्कही बरे होते. तिकडे शिक्षण संपलं की काही काळ नोकरी करायची परवानगी मिळते. तिला सगळे वर्क परमिट म्हणतात. खरं सांगायचं तर आमच्यातले बहुतेक जण तिच्याच भरवशावर गेलेले. पण ती प्रत्येक कॉलेजच्या मुलांना मिळत नाही. माझं कॉलेज खासगी, दुकानांच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर भरणारं. ते त्यात बसत नव्हतं. पाठवणारा एजंट म्हणाला होता, सगळ्यांनाच मिळते. मीही पुढं काही विचारलं नाही. शेवटच्या सत्रात माझ्या खोलीत राहणारा मुलगा, जो सरकारी कॉलेजात होता, कांदा चिरता चिरता सहज म्हणाला, "तुझं कॉलेज त्यात आहे ना?" त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट चौकशी केली.

फोनवर बाबांना मी एवढंच सांगितलं की परमिट अडकलं आहे. मिळणारच नाही, हे तोंडातून निघालं नाही. जाण्याआधी गावच्या शाळेनं मला शाल आणि नारळ दिला होता. तेव्हा बाबा पुढच्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

दिवाळीनंतर रोहिणखेडचं स्थळ आलं. बोलणं बाबांनीच पुढं नेलं. मी आईला म्हणालो, आत्ता नको. ती म्हणाली, पाहायला काय जाते? शेवटी आम्ही तिघं गेलो.

मुलीच्या घरी पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस भरलेला होता. उरलेल्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. मुलीचे वडील कमी बोलणारे शेतकरी. विचारायचं काम तिच्या मामांकडे होतं. ते मलकापूरला शिक्षक होते. त्यांनी मला विचारलं, परत कधी जाता? माझ्या आधी बाबाच बोलले, मार्चात. मामांनी विचारलं, लग्नानंतर मुलीला नेता येते ना? बाबा म्हणाले, हाव, नेता येते. त्यांच्या आवाजात कुठंही अडखळणं नव्हतं. आईनं पदर सारखा केला. मी पोह्यांच्या बशीतले शेंगदाणे एका बाजूला सारत बसलो.

मग आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. तिथं मका वाळत घातला होता, म्हणून आम्ही कठड्याच्या कडेनं उभे राहिलो. तिनं बी.एस्सी. केलं होतं. ती म्हणाली, "स्थळाची गोष्ट निघाली तवापासून बाबांनी मले इंग्रजीचा क्लास लावून देला, बुलढाण्याले. रोज बसनं जाऊन राह्यली मी."

मी तिला सगळं सांगितलं. परमिट अडकलं नाही, मला ते मिळणारच नाही. मी परत जाणार नाही.

तिनं पायाशी आलेले मक्याचे दाणे आत सारले. मग म्हणाली, "मंग तुमचे बाबा तसं काऊन सांगून राह्यले?"

मी म्हणालो, "मला शरम नको म्हणून असेल."

"हे तुम्हीच खाली जाऊन सांगा," ती म्हणाली. "मी सांगतलं तर सारे म्हणतीन, पोरीनं काईतरी कारण काढलं."

मी खाली आलो आणि उभ्यानंच सांगितलं. बाबांकडे पाहिलं नाही, मामांकडे पाहून सांगितलं. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. मुलीचे वडील फक्त म्हणाले, बसा, चहा येऊन राह्यला. चहा आला. मामांनी आईला प्रवासाचं विचारलं, या वर्षीच्या बोंडअळीबद्दल बाबांना विचारलं. बाबा उत्तरं देत होते. दारापर्यंत ते लोक सोडायला आले.

घरी पोचल्यावर बाबा कपडे न बदलताच दारातल्या ओट्यावर बसले. मी शेजारी जाऊन बसलो. बोलणी खायची माझी तयारी होती.

ते म्हणाले, "मले वाटलं, अडकलं आहे. अडकलेलं सुटते कधी ना कधी. मी लोकायले खोटं सांगून नव्हतो राह्यलो."

मला वाटत होतं की खरं काय ते त्यांनी केव्हाच ओळखलं आहे आणि माझी लाज झाकण्यासाठी ते थापा मारतात, आणि त्याचा मला मनातून रागही होता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी तिथंच त्यांना पहिल्यांदा सगळं समजावून सांगितलं, कॉलेजपासून. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, म्हणजे अर्ज करूनबी नाही? मी म्हणालो, नाही.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. लोकांनी विचारणं बंद केलं. मी दुकानात बसू लागलो, कारण आता लपवायचं काही उरलं नव्हतं. बाबा माझ्याशी बोलत, पण गिऱ्हाइकासमोर माझ्याबद्दल काही बोलत नसत.

पेरणीच्या आधी एके दिवशी ते मामा दुकानात आले. रोहिणखेडच्या शेतासाठी मक्याचं बियाणं हवं होतं. ते त्यांना मलकापूरलाही मिळालं असतं. मी पिशव्या काढायला गोदामात गेलो. बाहेर ते बाबांना सांगत होते, भाचीनं क्लास सोडला नाही, आता बी.एड.ला लागली. बाबा म्हणाले, चांगलं झालं. मग बाबांनी पिशव्यांसाठी मला दोनदा हाक मारली. पिशव्या माझ्या हातातच होत्या, पण मामांसमोर जाववत नव्हतं. शेवटी बाबाच आत आले, त्यांनी त्या माझ्याकडून घेतल्या आणि बाहेर नेऊन दिल्या.