एस्तेरबाईंनी सही केली नाही

एस्तेरबाई गेल्याचा निरोप मला पाथर्डीच्या दवाखान्यात मिळाला. नगरला पोचले तेव्हा प्रार्थनासभा सुरू झाली होती आणि चर्चच्या समितीतले एक गृहस्थ सांगत होते, "बाई अतिशय शांत स्वभावाच्या. त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही." दीड महिना झाला, ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. बाईंनी दुखावलं होतं. समोरासमोर, सगळ्यांच्या देखत. आणि ज्यांना दुखावलं त्यांनी ते सोयीनं विसरून टाकलं...

बहात्तरच्या दुष्काळात मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, बावीस वर्षांची. पूर्व आफ्रिकेतल्या एका मिशन दवाखान्यानं दोन वर्षांसाठी इथली एक ख्रिस्ती नर्स मागितली होती. आम्हा सहा मुलींना त्यासाठी तयार करायचं काम समितीनं आमचा नर्सिंगचा वर्ग घेणाऱ्या एस्तेरबाईंकडे दिलं. बाई स्वतः मुंबईच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. तिथल्या स्वाहिली भाषेचं पुस्तक मागवून त्या आम्हाला शिकवत, स्वतः आमच्या जेमतेम एक धडा पुढे असत. आम्हाला वाटलं, बायबलचे पाठ होतील, इंग्रजी होईल. बाईंनी आम्हाला एसटीत बसवलं आणि पाथर्डीकडे खडी फोडायच्या दुष्काळी कामावर नेलं. तीन महिने ठेचलेली बोटं बांधायची, चुलीवर सुया उकळायच्या, बायका देतील ती रेशनवरच्या मिलोची, परदेशी लाल ज्वारीची, भाकरी खायची. पहिल्याच दिवशी मी एका म्हातारीला उभ्या उभ्या येशूविषयी सांगायला लागले. ती म्हणाली, "बाय, आदी पायातलं कुरूप बग. मंग तुझं ऐकते." बाई मागेच होत्या. "परदेशात जाऊनही असंच करशील का?" एवढंच त्यांनी विचारलं.

निवडीच्या दिवशी समितीपुढे उभी राहिले. तयारी झाली का, असं विचारलं तेव्हा घाबरून माझ्या तोंडून "व्हय" गेलं. दोघं-तिघं हसले. मग अध्यक्ष म्हणाले, "तिथं गोऱ्या डॉक्टरांसमोर आपल्या समाजाचा चेहरा जाणार आहे." आणि त्यांनी ललिताचं नाव जाहीर केलं. आमच्या सहा जणींतली ललिता त्यांची पुतणी. खडीच्या कामावर ती चार दिवस आली होती, पाचव्या दिवशी ऊन सोसेना म्हणून घरी परतली होती.

बाई उठल्या. "समाजाचा म्हणजे तुमच्या घरचा, असं स्पष्ट लिहा. तयारीच्या दाखल्यावर मी सही करणार नाही."

"बाई, आम्ही प्रार्थना करून निर्णय घेतलाय," अध्यक्ष म्हणाले.

"मग प्रार्थनेच्या आधी कोणता घेतला होता, तेही सांगा."

सही दुसऱ्या कुणीतरी केली.

मला धक्का बसला तो पुढच्या आठवड्यात. बाई ललिताला शिकवत होत्या. रोज, सकाळ-संध्याकाळ, जाईपर्यंत महिनाभर. मी चिडून विचारलं, "तिला कशाला शिकवताय?"

"तिथल्या रोग्यानं तिला निवडलेलं नाही. तिची सुई चुकली तर कळ त्याला येणार." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि रूथ, तू का गप्प उभी राहिलीस? तुझ्या वाटचंही मीच बोलायचं का?"

ललितानं तिथं काम चांगलं केलं, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. बाईंकडून मात्र नर्सिंगचा वर्ग निवडीच्याच वर्षी काढून घेतला. त्यांना पहिलीच्या मुलांना शिकवायला पाठवलं. कारण कुणी दिलं नाही, कुणी मागितलंही नाही. मागायला हवं होतं, आम्ही सहाही जणींनी. बाईंनी मला पाथर्डीला परत जायला सांगितलं. त्या खडीवरच्या बायकांत मी गेले आणि तिथलीच झाले.

परवा चर्चच्या आवारातली बाईंची खोली रिकामी करायला गेले. पलंगाशेजारच्या भिंतीवर आफ्रिकेचा जुना नकाशा होता, ललिता गेली होती त्या गावाला लाल टाचणी लावलेली. त्याला चिकटून शाळेतला नगर जिल्ह्याचा नकाशा. त्यावरही तशीच एक लाल टाचणी... पाथर्डीवर. चुना मारायला आलेला माणूस म्हणाला, "हे काढू का ठिऊ, समितीला इचारा की."

मी समितीला विचारलं नाही. दोन्ही नकाशे टाचण्यांसकट उतरवले आणि एसटीत मांडीवर ठेवून घरी आणले.