शालनताईंचा मीटर

शालन धुमाळने रेडिओच्या कारखान्यात चौदा वर्षं तारांना सोल्डरिंगचे डाग दिले. मग बाहेरचा स्वस्त माल बाजारात आला आणि शहाण्णवच्या दिवाळीआधी कारखान्याला कुलूप लागलं. छत्तिसाव्या वर्षी ती शनिवार पेठेतल्या एका कॉम्प्युटर कंपनीत लागली. काम वायरी कापण्याचं आणि जोडण्याचं, हुद्दा हेल्पर.

दोन वर्षांनी कोथरूडच्या डॉ. नंदा सहस्रबुद्धे यांच्या लॅबमधून तक्रार आली. तिथे तीन कॉम्प्युटर एकाच लांब वायरीत ओवलेले होते. तपासणीच्या खोलीत रिपोर्ट टाइप व्हायचा, मधल्या खोलीत डॉक्टर तो बघायच्या आणि काउंटरवर तो छापला जायचा. एका सकाळी तिघांनी एकमेकांची ओळखच सोडली. प्रत्येकाच्या पडद्यावर फक्त स्वतःचं नाव. रिपोर्ट हाताने लिहायला लागले आणि त्या घाईत एकाच आडनावाच्या दोन पेशंटांचे कागद बदलले. ते डॉक्टरांनी ऐन वेळी पकडले म्हणून बरं.

कंपनीचा इंजिनिअर दिग्विजय दोन दिवस तिथे खपला. विंडोज पुन्हा टाकलं, कार्डं बदलली, पण फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी अख्खी वायरच नवी ओढायची ठरवून त्याने शालनला बरोबर घेतलं.

"या," डॉक्टर म्हणाल्या. "उद्यापासून तुमचाही डबा इथेच लावू का?"

शालनने वायरीचं भेंडोळं खाली ठेवलं. "सर, ओढण्याआधी एकदा मीटर लावून बघू?"

"बघा शालनताई. पण वायर ठीक आहे, मी हलवून पाहिलीय."

त्या वायरीच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमची एकेक टोपी असायची. वायर अखंड असेल तर मधे मीटर लावल्यावर दोन्ही टोप्यांचा मिळून निम्मा, म्हणजे पंचवीसचा आकडा यायला हवा. डॉक्टरांच्या टेबलामागे वाकून शालनने मीटर लावला, तर पन्नास.

"एका बाजूची टोपी पोचतच नाहीये सर."

तिने दोन्ही बाजू सोडवून वेगवेगळ्या मोजल्या. काउंटरची बाजू चोख निघाली. तपासणीच्या खोलीकडची मात्र मुकी. त्या खोलीतला फ्रिज झाडलोट करताना चार बोटं सरकवला होता आणि त्याच्यामागे वायर ताणली गेली होती. टोपी जागेवर होती, जोडही बाहेरून चकचकीत होता. शालनने तो उघडून आतली बारीक पिन नखाने हलवली. पिन डुगडुगली.

"कोरडा डाग, आत धरलेलाच नाही. असे हजारो पाहिलेत मी."

सोल्डरिंग आयर्न तापलं, दहा मिनिटांत नवा डाग बसला. मीटरने पंचवीस दाखवले. थोड्या वेळाने पडद्यावर एकापाठोपाठ तिन्ही नावं उमटली आणि काउंटरवरचा प्रिंटर करकरायला लागला.

"अहो, मग दोन दिवस काय अंगारे-धुपारे चालले होते?" डॉक्टरांनी विचारलं.

दिग्विजयचे कान लाल झाले. "चूक माझी. वायर हलवली, मोजली नाही." त्याने कामाचा कागद शालनपुढे सरकवला. काम करणाऱ्याच्या नावापुढे सही तिने करायची होती. आजवर तिने त्या कागदावर कधी सही केली नव्हती. तिने हात पदराला पुसले आणि पूर्ण नाव लिहिलं.

पुढच्या महिन्यात तिला एका शाळेच्या ऑफिसात एकटीला पाठवलं. तिथे वायर चोख होती, मीटरचा आकडा चोख होता आणि तरीही दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसेनात. तासभर झटून तिने शेवटी दिग्विजयला फोन लावला.

"कॉम्प्युटरमध्ये टाकलेलं ग्रुपचं नाव बघा ताई. दोन्हीकडे अक्षरन् अक्षर तेच आहे का?"

इंग्रजीची तिला धास्तीच होती. तिने दोन्ही नावं कागदावर एकाखाली एक उतरवली आणि बोट ठेवत जुळवली. एकात शेवटी एस जास्त होता.

"सापडलं," ती म्हणाली आणि तिला स्वतःलाच हसू आलं.

एस खोडून तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि क्लार्कबाईंनी पुढे केलेला चहा घेत ती नावं दिसायची वाट पाहत बसली.