चार नंबरच्या गेटचं प्रशस्तिपत्र: मेडशी ते कारंजा

माझ्या कपाटात दीड महिना एक प्रशस्तिपत्र पडून होतं. माझं नव्हे, दुसऱ्याचं. ते पोचवायचं निमित्त करून मी डिसेंबरात चार दिवस वाशीम जिल्ह्यात जाऊन आलो. तिकडे बघण्यासारखं काय आहे, असं बायकोने विचारलं. एक चांगला माणूस आहे, असं मी ऐटीत सांगितलं.

मी कोकणपट्टीवरच्या एका बंदरात सुरक्षा विभागात आहे. बंदराचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. ठेक्यावरचे पहारेकरी कोणत्या गेटवर किती लागतील आणि त्यांचा खर्च किती येईल, हे ठरवणं माझं काम. दिवाळीच्या आधी चार नंबरच्या गेटवर शालिक नावाच्या पहारेकऱ्याने एक कंटेनर अडवला. कॅमेऱ्याने सीलचा नंबर वाचला होता, कागदाशी जुळलाही होता. शालिकने सील हाताने फिरवून पाहिलं, तर ते निघून हातात आलं. कापून पुन्हा चिकटवलेलं होतं. मी स्वतः गेटवर जाऊन त्याची पाठ थोपटली. सत्काराला मात्र तो आलाच नाही. 'राहू द्या साहेब' एवढंच फोनवर म्हणायचा. मग जुना ठेका संपला, नवा सुरू होईपर्यंत गेटवर पोलीस आले, सगळे पहारेकरी पंधरा दिवस घरी गेले, आणि मी प्रशस्तिपत्राचा फोल्डर पिशवीत टाकून निघालो.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने सकाळी अकोला. स्टँडबाहेर तर्रीपोहे खाल्ले आणि नाकातून पाणी आलं. तिथून वाशीमकडे जाणारी कुठलीही एसटी मेडशीला सोडते, तिकीट शंभराच्या आतबाहेर. पातूर सुटलं की लहानसा घाट लागतो, साग विरळ होत जातो, आणि मग दोन्ही बाजूंना तूरच तूर. खिडकी उजवीकडची धरा, सकाळचं ऊन लागत नाही.

शालिक मेडशीच्या स्टँडवर घ्यायला आला होता. तो मला जरा वेगळाच वाटला. उंच, गालफडं बसलेली. गावी आला की माणूस गणवेशातून सुटतो, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. सुरक्षेच्या नोकरीत बावीस वर्षं काढलेला माणूस मी, हे वाचताना लक्षात असू द्या.

घरी जेवण तयार होतं: ज्वारीची भाकरी, हिरव्या तुरीच्या सोल्यांची भाजी, ठेचा. वंदनाताईंनी, म्हणजे शालिकच्या बायकोने, तिसरी भाकरी न विचारता वाढली. जेवण झाल्यावर मी फोल्डर काढला आणि पाच-सहा शेजारी जमवून पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, असं वाचलं आणि वंदनाताई सहज म्हणाल्या, "त्या दिवशी तं हे वावरात होते. मळणीयंत्राचा पट्टा तुटला होता ना."

शेजारी एकेक करून उठले. शालिकने माझ्या हातातला कागद हलकेच घेतला आणि घडी न घालता पाटावर ठेवला.

"साहेब, गेटवर मी नव्हतो," तो म्हणाला. "माहा चुलतभाऊ होता, गजू. माह्या कार्डावर."

हळूहळू सगळं कळलं. यांच्याकडे सावड असते. आज तुम्ही माझ्या वावरात राबायचं, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, फक्त परतफेड. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, आठ-दहा दिवसांत उरकावी लागते, नाहीतर शेंगा तडकून दाणा जमिनीवर. शालिकने रजा मागितली होती. बदली माणूस नाही म्हणून ती नाकारली गेली. मग तो गावी आला आणि गजू त्याचा गणवेश घालून गेटवर उभा राहिला. वर्षानुवर्षं वावरात करत आले तेच त्यांनी बंदरावर केलं. यात काही चोरी आहे, हे दोघांच्या डोक्यातही आलं नव्हतं. पत्र निघालं तेव्हा आलं.

मी चिडलो. खरंच चिडलो. बंदराच्या गेटवर भलत्याच्या कार्डावर माणूस उभा राहतो म्हणजे काय? आज गजू होता, उद्या कोणीही असेल. नियमाप्रमाणे दोघांनाही कायमची बंदी, आणि नव्या ठेक्यात कुणाला घ्यायचं त्या यादीवर सही माझी. हे सगळं मी त्याला सुनावलं. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं.

"बंदराले माणूस पाह्यजे होता, आमी माणूस देल्ला," तो म्हणाला. "पोस्ट एक घंटा खाली नाई राह्यली. चूक झाली, माह्यं काय करायचं ते करा. पण त्या कागदावर गजूचं नाव लिवा."

मी पडवीत येऊन बसलो. बदली माणूस नव्हता, कारण तो मीच कापला होता. गेल्या निविदेत दर दहा पहाऱ्यांमागे एक राखीव माणूस होता. खर्च कमी करा म्हणून वरून आलं, कॅमेरे तर घ्यायचेच होते, मग मी ती ओळ लाल पेनाने खोडली. शाबासकीही मिळाली होती. आणि ज्याची पाठ मी थोपटली तो शालिक नाही, हे मला स्टँडवर शालिकला बघूनही कळलं नाही. कॅमेऱ्याला काय नावं ठेवायची? मला माझीच लाज वाटली.

गजू कारंजाच्या बाजारात हमाली करतो असं कळलं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिकडे. मेडशीहून वाशीम, तिथून मंगरूळपीरमार्गे कारंजा. रस्ता बरा आहे, पण बदलत्या गाड्यांत अर्धा दिवस जातो. बंजारा समाजाच्या पोहरादेवीला जायचं असेल तर ते मंगरूळपीरहून सोपं पडतं. यात्रेच्या दिवसांत मात्र राहण्याची सोय आधी करा. मी गेलो नाही, माझं लक्ष नव्हतं.

जैन मंदिरांच्या गल्लीत एक किराणा दुकान उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. उंबऱ्यावर फक्त एक काठी आडवी ठेवलेली. शेठजी संध्याकाळचं जेवायला घरी गेलेत, शेजारचा म्हणाला, सूर्य मावळायच्या आत जेवतात ते. कोणी आत शिरलं तर, असं मी विचारलं. तो हसला. "मी हावो ना इथं. तुमी गल्लीत शिरले तवाच पाह्यलं, गावचे नाई म्हणून." बावीस वर्षांत मी असा फुकटातला चोख पहारा पाहिला नव्हता. पण बंदर म्हणजे गल्ली नाही, हेही मला कळत होतं.

गजू धान्याच्या थप्पीवर भेटला. ठेंगणा, गोल चेहऱ्याचा. मला बघताच उतरला आणि सवयीने सलाम ठोकला. हा तो चेहरा. सील फिरवून का पाहिलंस, असं मी विचारलं.

"पोत्याची शिलाई हातानं पाह्याची असते, साहेब. उसवून पुन्हा शिवलेलं पोतं डोयाले कयत नाई, बोटाले कयते." मग जरा थांबून तो म्हणाला, "माह्यं नाव लिवू नका. शालिकचं काम जाईन."

एकाला नाव लिहायला हवं होतं, दुसऱ्याला नको होतं. रात्री लॉजवर (सातशे रुपये, गरम पाणी सकाळी फक्त तासभर) मला दोघांचंही खरं वाटत होतं. सकाळी मूर्तिजापूरला जाऊन परतीची गाडी धरली. पिशवीत वंदनाताईंनी दिलेली तूरडाळ होती. ती घेताना मला फार जड गेलं होतं.

घरी आल्यावर मी वरिष्ठांना खरं तेच लिहिलं. शालिकच्या कार्डावर गजू उभा होता, हा भंग आहे. सील गजूने पकडलं, प्रशस्तिपत्र त्याचं आहे. राखीव माणसांची ओळ मी खोडली होती, ती परत घाला. आणि चेहरा ओळखणं हे माझं काम होतं, ते मी केलं नाही. दोघांना बंदी घालू नये, एवढी विनंती शेवटी जोडली.

नवा ठेका सोमवारी सुरू झाला. मी एक नंबरच्या गेटपासून प्रत्येक पहारेकऱ्यासमोर थांबलो, कार्ड पाहिलं, तोंड पाहिलं, गाव विचारलं. सकाळ त्यातच गेली. शालिकबद्दलचं उत्तर अजून आलेलं नाही, त्यामुळे चार नंबरची पोस्ट रिकामी आहे आणि बदली माणूस अर्थातच नाही.

म्हणून सध्या तिथे मी उभा राहतो, माझ्याच कार्डावर. प्रत्येक सील हाताने फिरवून बघतो. शालिकला फोन करून हे सांगितलं, तर तो म्हणाला, "साहेब, माह्या जागी उभे राह्यले ना, मंग पुढच्या सोंगणीले आमच्याकडे राबाले नका येऊ, तुमची सावड फिटली."